अठ्ठावीस हजारांचा हट्ट आणि तेरा हजारांची घाई

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. जून २०२१ मध्ये हौसेनं २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, मुलांसाठी बंक बेड (एकावर एक पलंग) असलेला. कर आणि फी धरून ३८,५०० डॉलर पडले. कर्ज बारा वर्षांचं, साडेसहा टक्क्यांचं, हप्ता ३१० डॉलर. अजून २२,००० फिटायचे आहेत. साडेचार वर्षांत सहली झाल्या नऊ. मुलगी आता कॉलेजात आहे आणि धाकट्याला रानात झोपायचं नाही. सोसायटीच्या नियमांमुळे ट्रेलर दारात ठेवता येत नाही, म्हणून स्टोरेजचे महिना ९५ आणि विम्याचे ३५ जातात. नवरा म्हणतो २८,००० च्या खाली विकायचा नाही. सोलर पॅनल, नव्या गाद्या, भारी हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा) यांवर त्याने आणखी तीन हजार घातलेत आणि 'ट्रेलर जवळपास कोराच आहे.' जे. डी. पॉवर या वापरलेल्या गाड्यांच्या भावसूचीत सरासरी किरकोळ भाव १९,००० च्या आसपास दिसतो, पण तो त्याला मान्य नाही. डीलरनं १३,००० सांगितले. मला तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. त्यात मंडळातल्या एका मैत्रिणीनं विचारलंय. पंधरा हजारांत, हप्त्याहप्त्यानं, टायटल (मालकीचा कागद) सगळे पैसे फिटल्यावर. त्यांची मुलं लहान आहेत, टोयोटाची सिएना मिनिव्हॅन आहे, फिरायची आवड आहे. नाही कसं म्हणू?

उत्तर:

पत्र वाचून हसू आलं, पण ते तुमच्यावर नव्हे. आम्ही ओहायोत असताना आमच्याकडेही एक ट्रेलर होता, तुमच्याहून लहान. तो विकायचा ठरल्यावर नवरा आणि मी तीन आठवडे एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलत होतो. 'चहा घेतोस का' याचं उत्तरही 'दहाच्या खाली नाही' असं यायचं.

तुमच्या घरात सध्या दोन आकडे भांडताहेत. नवऱ्याचा २८,००० हा २०२१ सालचा आकडा आहे. किती पैसे घातले, किती रविवार त्या छतावर सोलरच्या वायरी ओढण्यात गेले, याचा तो हिशोब. तुमचा १३,००० हा वैतागाचा आकडा आहे. दर महिन्याला ९५ डॉलर कापले गेल्याचा मेसेज येतो आणि तुम्हाला ती नऊच सहलींची बोच पुन्हा आठवते. पत्राचा सूर असा आहे की नवरा हटवादी आणि तुम्ही व्यवहारी. मला तसं दिसत नाही. दोन्ही आकड्यांत तुम्ही दोघं आहात, ट्रेलर कुठेच नाही. आणि घेणारा माणूस पैसे मोजणार आहे ट्रेलरचे.

आधी २०२१ बद्दल. करोनाच्या त्या उन्हाळ्यात विमान नको, हॉटेल नको, म्हणून अख्खी अमेरिका ट्रेलर घ्यायला निघाली होती. इंडियानातलं एल्कहार्ट आणि आसपासचे कारखाने रात्रंदिवस चालू होते. आरव्ही इंडस्ट्री असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे त्या एका वर्षात सहा लाखांवर आरव्ही (असे ट्रेलर आणि राहण्याची सोय असलेल्या गाड्या) कारखान्यांतून बाहेर पडल्या. तो विक्रम होता. २०२३ पर्यंत हाच आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. एरवी छापील किमतीवर डीलर घसघशीत सूट देतात. त्या वर्षी सूट तर नाहीच, उलट वेटिंग लिस्ट होती. म्हणजे तुम्ही फसला नाहीत, पण घेतलात तो भाव भरतीचा होता. आता ओहोटी आहे. तुमच्यासारख्याच 'मुलं मोठी झाली, आता नको' म्हणणाऱ्यांचे २०२१ चे ट्रेलर एकदम बाजारात आलेत, आणि साध्या बांधणीचा नवा ट्रेलर आज वीस हजारांच्या आतबाहेर मिळतो. गिऱ्हाईक तुमच्या जाहिरातीशेजारी तो ठेवून बघणार.

नवऱ्याच्या तीन हजारांचं काय? सोलरमुळे ट्रेलर लवकर विकला जाईल, महाग विकला जाणार नाही. आपण स्वयंपाकघरात आवडीच्या फरशा बसवल्या तरी घर घेणाऱ्याला त्या वेगळ्याच हव्या असतात, तसंच हे. गाद्यांची किंमत शून्य धरा. चांगला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच मात्र वेगळा विकता येतो. तो जाहिरातीत धरू नका, सौद्यात शेवटच्या दोनतीनशे डॉलरवर गाडी अडली की हुकमाचं पान म्हणून काढा.

'जवळपास कोरा' या शब्दावरही मला बोलायचंय, कारण असं लिहिणारे बरेच वाचक असतात. गाडी कमी चालली तर ती टिकते, ट्रेलरचं तसं नसतं. उभा ट्रेलर उन्हात, पावसात आणि तुमच्या टेक्सासच्या गारांत म्हातारा होतो. छताच्या कडांना, खिडक्यांना, व्हेंटभोवती लावलेलं सीलंट तडकतं, थेंब थेंब पाणी आत शिरतं आणि लाकडी सांगाडा आतून कुजतो. बाहेरून सगळं चकचकीतच असतं. सकाळी ऊन तिरकं असताना भिंतीला जवळजवळ गाल टेकवून लांबीच्या दिशेनं बघा. फायबरग्लासचा पत्रा आतल्या थरापासून सुटला असेल तर पुरी फुगावी तसा फुगवटा दिसेल. आत कोपऱ्याकोपऱ्यात टाचेनं दाबून बघा. जमीन मऊ लागली तर पाणी आलेलं आहे.

हे मला कसं माहीत? आमच्या ट्रेलरच्या दाराशी अशीच एक मऊ जागा होती. मी तिच्यावर सतरंजी टाकली होती. छान दिसते म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं. बघायला आलेले गृहस्थ निवृत्त प्लंबर निघाले. त्यांनी दारात बूट काढले, मोज्यांनिशी हळूहळू चालत आले, सतरंजीवर थांबले, वाकून तिचा कोपरा उचलला आणि परत नीट ठेवला. 'थँक यू' म्हणाले आणि गेले. पुढे चार दिवस मला त्या सतरंजीकडे बघवेना. मग आम्ही दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी किंमत कमी केली, जाहिरातीत पहिल्याच ओळीत 'दाराजवळ जमीन मऊ आहे, फोटो जोडला आहे' असं लिहिलं आणि आठ दिवसांत ट्रेलर गेला.

तेव्हा आधी दोघांनी मिळून, परक्या माणसाचा बघावा तसा आपलाच ट्रेलर बघा. टायरवर डीओटी या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. ०८२१ म्हणजे २०२१ चा आठवा आठवडा. घेणारा जाणकार असेल तर तो आधी खालीच वाकणार. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी पाचसहा वर्षांत बाद धरतात, म्हणून एकतर ते बदला किंवा तेवढी रक्कम सोडायची तयारी ठेवा. चकाकी आणणारा स्प्रे मारून उभे करू नका.

आणि वास. आपल्याला येत नाही, पण येतो. नऊ सहलींत किती वेळा फोडणी पडली असेल त्या एवढ्याशा ओट्यावर? पडदे धुवा, शेगडीवरचा पंखा आणि त्याची जाळी साबणानं घासा, ओट्यावरचा हळदीचा डाग उन्हात जातो का बघा. सुवासिक फवारा मात्र नको. ट्रेलरमध्ये सुगंध आला की माणूस बुरशी शोधायला लागतो.

आता भाव. नवऱ्याला मान्य नसलेला जे. डी. पॉवरचा आकडा (जुनी मंडळी त्याला अजून 'नाडा' म्हणतात) तुम्हाला पटो न पटो, घेणाऱ्याच्या बँकेला पटतो. तो कर्ज काढून येणार असेल तर क्रेडिट युनियन (सभासदांची सहकारी बँक) हाच किंवा असाच भाव बघून किती द्यायचे ते ठरवणार. वरचे पैसे त्याला खिशातून घालावे लागतील, आणि ते तो कोणाच्याही सोलरसाठी घालणार नाही.

दुसरा आधार शेजारच्या जाहिरातींचा. फेसबुक मार्केटप्लेस आणि आरव्ही ट्रेडरवर दोनशे मैलांच्या आतले, २०२० ते २०२२ चे, त्याच लांबीचे, बंक असलेले आठदहा ट्रेलर निवडा. डीलरच्या जाहिराती वेगळ्या ठेवा. एका वहीत किंमत आणि तारीख लिहा, आणि दर रविवारी परत बघा. तीन महिने लटकलेली २६,००० ची जाहिरात तुमचा नवरा पुरावा म्हणून दाखवत असेल. तो पुरावाच आहे, पण उलट बाजूचा: त्या भावाला कोणी घेत नाही याचा. कुठल्या किमतीवरच्या जाहिराती दोन आठवड्यांत गायब होतात, त्याकडे लक्ष ठेवा. ही वही नवऱ्यालाच ठेवायला सांगा. तुम्ही सांगितलेला आकडा तो मानणार नाही, स्वतः तीन रविवार लिहिलेला मानेल.

माझा अंदाज विचाराल तर छत आणि जमीन धड असेल तर १९,९०० ला जाहिरात लावा आणि १७,५०० हा तळ दोघांत आधीच ठरवून कागदावर लिहा. दारात गिऱ्हाईक उभं असताना नवराबायकोनं आत जाऊन कुजबुजायचं नाही. दोन आठवड्यांत बघायलाच कोणी आलं नाही तर किंमत चुकली आहे, पाचशेंनी उतरा. बघून जातात पण घेत नाहीत, तर चूक ट्रेलरच्या अवस्थेत किंवा फोटोंत आहे. वेळ आत्ताची चांगली आहे. तुमच्याकडे मार्चच्या स्प्रिंग ब्रेकआधी लोक शोधायला लागतात.

थांबण्याची किंमतही मांडून ठेवा, कारण 'उन्हाळ्यापर्यंत बघू' हे वाक्य तुमच्या घरात नक्की येणार. हप्त्यातलं मुद्दल आपल्याच खात्यात जातं, ते सोडा. पण २२,००० वर साडेसहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज साधारण १२०, स्टोरेज ९५, विमा ३५. म्हणजे अडीचशे डॉलर दरमहा, ट्रेलर जागचा न हलता. त्यात तो जुना होतोय ते वेगळंच. सहा महिने थांबून पंधराशे जास्त मिळाले तर फिट्टमफाट.

डीलरवर रागावू नका. त्याला तपासणी, दुरुस्ती, जागेचं भाडं, विक्रेत्याचं कमिशन हे सगळं काढून वर नफा हवा असतो, म्हणून तो घाऊक भाव सांगतो. १३,००० आणि १८,००० मधले पाच हजार ही तुमच्या तीनचार शनिवार-रविवारांची मजुरी आहे. कोणाला तेवढी उठाठेव झेपत नसेल तर डीलरला देणं हा काही मूर्खपणा नाही. ज्यांना जुना देऊन नवा घ्यायचाय, त्यांनी आपल्या राज्यात जुन्याची किंमत वजा करून उरलेल्यावरच विक्रीकर लागतो का ते बघावं. बऱ्याच राज्यांत तसं आहे, कॅलिफोर्नियात नाही. तिथे डीलर आणि खासगी विक्री यांतलं अंतर बदलतं. तुम्हाला नवा घ्यायचा नाही, तेव्हा तो प्रश्न नाही.

आता दुखरी नस. १८,००० ला विकला तरी २२,००० चं कर्ज फिटत नाही. वरचे चार हजार तुम्हाला घालावे लागतील. डीलरच्या भावाला नऊ हजार. हे पत्रात तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं नवऱ्याच्या २८,००० च्या मागे हेच आहे. कर्ज फिटून थोडे हातात राहिले तर ती हौस 'जमली' असं म्हणता येतं. त्याच्याशी भाव बोलू नका, या चार हजारांबद्दल बोला. ते कुठून आणायचे, हे ठरलं की भाव आपोआप खाली येईल.

बँकेकडून पेऑफ लेटर मागवा. त्यात अमुक तारखेला किती आणि पुढे रोज किती व्याज, ते असतं. तुमच्या टेक्सासात टायटल बँकेकडे, बहुधा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असेल. बचतीत रक्कम असेल तर आधीच सगळं फेडून टायटल हातात घेणं सगळ्यात सोपं. परक्या माणसाला 'पैसे दे, टायटल नंतर येईल' हे ऐकायला बरं वाटत नाही. ते शक्य नसेल तर घेणाऱ्यासोबत तुमच्या बँकेच्या शाखेत बसून एकाच वेळी पैसे आणि कागद करा, किंवा तो क्रेडिट युनियनचं कर्ज काढत असेल तर त्यांनाच तुमच्या बँकेला थेट पैसे पाठवू द्या. हे त्यांचं रोजचं काम आहे. टायटलवर दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या लागतील, तेव्हा नवऱ्याच्या परदेश दौऱ्याच्या आठवड्यात सौदा ठरवू नका.

दाखवायचा कुठे, ही पण अडचण आहे. स्टोरेजमध्ये वीज नाही, पाणी नाही. फ्रिज थंड होतो का, एसी चालतो का, गीझर पेटतो का, हे दाखवता आलं नाही तर माणूस त्या प्रत्येकाचे पाचशे कापतो. सोसायटीकडे सामान चढवण्या-उतरवण्यासाठी एकदोन दिवसांची परवानगी मिळते का विचारा. नाहीतर एखाद्या खासगी आरव्ही पार्कात व्यवस्थापकाला आधी विचारून शनिवार-रविवारची जागा घ्या, तीस अँपची वीज आणि पाणी जोडा, आणि खरोखरच्या गिऱ्हाइकांना तासातासाच्या अंतरानं बोलवा. 'शेवटचं किती?' असं फोनवरच विचारणाऱ्याला 'आधी बघायला या' एवढंच म्हणा.

न बघताच पूर्ण भाव द्यायला तयार असलेला, 'माझा माणूस येऊन घेऊन जाईल' म्हणणारा, वर जास्तीच्या रकमेचा कॅशियर्स चेक (बँकेनं स्वतःच्या नावे काढलेला) पाठवून उरलेले परत मागणारा, तो ठग. खोट्या चेकचेही पैसे खात्यात एकदोन दिवसांत दिसतात आणि खोटेपणा काही आठवड्यांनी उघड होतो, तेव्हा बँक ते तुमच्याकडून वसूल करते. 'तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवलाय, तो सांगा' हाही सापळाच. कॅशियर्स चेक घ्यायचाच तर घेणाऱ्याच्या बँकेत जाऊन, तुमच्यासमोर काढलेला घ्या. रोख असेल तर तुमच्या बँकेत मोजून लगेच भरा. दहा हजारांवर रोख भरली की बँक सरकारला कळवते. तो नेहमीचा फॉर्म आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. तो टाळायला रक्कम तुकड्यांत भरणं मात्र गुन्हा आहे. आपल्यातल्या हुशार मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं.

बिल ऑफ सेलवर 'जसा आहे तसा' लिहा आणि माहीत असलेले दोषही तिथेच लिहा. शक्य असेल तर घेणाऱ्यासोबत काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जा, म्हणजे नाव तुमच्यादेखत बदलेल. नंबर प्लेट काढून घ्या आणि टेक्सास डीएमव्हीला (वाहन नोंदणी खात्याला) विक्रीची सूचना तीस दिवसांच्या आत ऑनलाइन द्या, ती फुकट आहे. नाहीतर त्याच्या टोलची बिलं तुमच्या घरी येतील. विमा हे सगळं झाल्यावर बंद करा, आधी नाही. दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी आपले नियम बघावेत. कॅलिफोर्नियात प्लेट सहसा ट्रेलरसोबतच जाते आणि सूचना पाच दिवसांत द्यावी लागते.

राहिली मैत्रीण. तुम्ही ओघात लिहिलंय, 'सिएना आहे.' अहो, सिएनाची ओढायची क्षमता ३,५०० पौंड. तुमच्यासारखा २६ फुटी बंकहाऊस रिकामाच पाच हजार पौंडांच्या आसपास असतो, आणि पाणी, गॅस, सामान भरलं की पुढे किती, ते डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यातल्या स्टिकरवर छापलेलं आहे. तुमच्या पिकअपला त्याचं काही वाटलं नसेल. पण सिएनाला लावून लहान मुलांसकट ती माणसं उतारावर निघाली तर ब्रेक लागायचे नाहीत. पंधरा हजार की अठरा, हा प्रश्नच मग उरत नाही.

आणि समजा उद्या त्यांनी पिकअप घेतली, तरी हप्त्यानं देऊ नका. कर्ज तुमच्या नावावर, टायटल तुमच्या नावावर आणि ट्रेलर त्यांच्याकडे, यात अपघात झाला तर विमा कंपनी कोणाला दारात उभं करणार? शिवाय बँकेच्या करारात असं परस्पर देणं बहुधा बसतच नाही. त्यांना हवाच असेल तर जो भाव बाहेरच्याला तोच त्यांना, त्यांनी आपला तपासनीस आणावा, आपलं कर्ज काढावं. गणपतीत एकमेकींच्या घरी आरतीला जाताना मग कोणाच्या मनात हप्ता नसेल.

आज रात्रीच मेसेज टाका. लांबवलंत तर ती वाट बघत बसेल. असं काही लिहा: 'ट्रेलरबद्दल विचार केला. सिएनाला तो झेपणार नाही, वजनाचा स्टिकर पाठवते. आमच्यावर कर्ज असल्यामुळे हप्त्यानंही देता येत नाही. मुलांना आवडतंय का ते बघायचं असेल तर विकायच्या आधी एक शनिवार-रविवार आमच्याबरोबर या. बंक रिकामेच आहेत.'